वेताळाच्या वहाणा

देवांना म्हातारपण येतें कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्रीमंडळींवर सोंपवावा हें बरें. परंतु पुस्तकांतल्या वीरांना तें येतें, आणि फार लवकर येतें, एवढें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. बोट धरून ज्यांनीं आम्हांला वाचनाच्या राज्यांत नेलें, त्यांपैकीं कितीकजण आज रद्दीच्या दुकानांत किलोच्या भावानें विकले जात आहेत! माणूस म्हातारा झाला म्हणजे त्याचे केस पिकतात. वीर म्हातारा झाला म्हणजे त्याचीं पानें पिवळीं पडतात आणि कोपरे उंदीर खातात. माणसाच्या म्हातारपणीं सुना-नातवंडें निदान कुरकुर करण्यापुरती तरी त्याची आठवण ठेवतात. वीराला तेवढेंही भाग्य लाभत नाहीं.

आज ज्या वीराविषयीं आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत, तो वाचकांपैकीं पन्नाशी उलटलेल्यांना चटकन् ओळखूं येईल. अंगासरसा जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलें, बोटांत कवटीची आंगठी, बसावयाला पांढरा घोडा आणि पायांशीं लांडगा. (ह्या लांडग्याला कोणी कुत्रा म्हटलें, कीं आमच्या पिढीचे निवृत्त अधिकारीसुद्धां चवताळून उठतात.) हाच तो महाबली वेताळ. एके काळीं ह्या वेताळाचें राज्य महाराष्ट्रांतल्या घराघरांत होतें. तें कसें आलें आणि कसें गेलें, हें पाहणें केवळ करमणुकीचें नाहीं; कारण आपलें रक्षण कोणी करावें अशी आपली अपेक्षा आहे, हा प्रश्न त्यांत दडलेला आहे, आणि तो आमच्यापुढें आला तो सातपुड्यांतल्या एका गांवीं.

ह्या वेताळाचा जन्म अमेरिकेंतला. ली फॉक ह्या लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेच्या रूपानें त्याला प्रथम लोकांपुढें आणलें. चित्रें रे मूर ह्याचीं होतीं. दिवसां चैनींत राहणारा एक श्रीमंत तरुणच रात्रीं मुखवटा घालून हिंडतो, असें शेवटीं उघड करावयाचें, असा लेखकाचा प्रथम बेत होता. पण लिहितां लिहितां तो बेत मागें पडला आणि वीर शहर सोडून अरण्यांत गेला. तंग पोशाख घालून दुष्टांचें पारिपत्य करणाऱ्या वीरांची पुढें जी रांग लागली, तींतला सर्वांत प्रसिद्ध सुपरमॅन १९३८ सालीं आला. म्हणजे आमचा वेताळ त्याहून दोन वर्षांनीं वडील. कथा अशी, कीं १५३६ सालीं चांच्यांनीं एक जहाज लुटलें, त्यांतला एकच तरुण जिवंत किनाऱ्याला लागला, आणि आपल्या बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातांत घेऊन त्यानें प्रतिज्ञा केली, कीं दुष्टांचा नाश हेंच यापुढें आपलें आणि आपल्या वंशजांचें व्रत. तेव्हांपासून बाप मेला कीं मुलगा तोच पोशाख चढवितो. चालू वेताळ एकविसावा. पण अरण्यांतल्या व समुद्रावरच्या लोकांना वाटतें, कीं चारशें वर्षें एकच पुरुष फिरतो आहे आणि त्याला मरण नाहीं. अमरत्वाची इतकी स्वस्त युक्ति आमच्या पुराणकारांनाही सुचली नव्हती. त्यांच्या चिरंजीवांना प्रत्यक्ष जगत राहावें लागतें. येथें केवळ एका शिंप्याची गरज!

मराठींत त्याचें नामकरण ज्या कोणीं केलें, त्याला आम्ही मनापासून धन्यवाद देतों. बंगाली वाचकांनीं त्याला 'अरण्यदेव' म्हणून ओळखलें. तें नांव भारदस्त खरें, पण त्याला देव्हाऱ्याचा वास येतो. 'वेताळ' म्हणतांच मात्र मराठी कान टवकारतात. वेताळ हा भुतांचा राजा. अमावास्येला त्याची पालखी निघते आणि वाटेंत सांपडलेल्याची बोबडी वळते, हें मराठी मुलाला आजीच्या मांडीवर असतांनाच कळलेलें असतें. आणि तोच वेताळ कोंकणांत व गोव्यांत गांवाचा राखणदारही आहे. वेंगुर्ल्याकडे आरवलीस वेतोबाचें देऊळ आहे. तेथें नवस फेडतांना लोक देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. कारण देव रात्रीं गांवाच्या सीमेवरून फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. मूळ इंग्रजी कथेंतही आमच्या वीराला 'चालतें भूत' असेंच म्हणतात! त्या लेखकाला आरवली ठाऊक असण्याचा संभव नाहीं. पण दोन्ही कल्पनांचें मूळ एकच असावें. आपण झोंपलों असतां कोणीतरी आपल्यासाठीं जागा आहे, असें माणसाला वाटावयास हवें असतें. हा विश्वास असला कीं झोंप बरी लागते.

मुखवट्यांतल्या वीराची गोडी मराठी वाचकाला वेताळानेंच लावली असें मात्र नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीनें बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडावर आणि झुंजारावर आपल्या रात्री ओंवाळून टाकल्या होत्या. अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; आणि त्या वाचण्यांत ज्यांचें तारुण्य सरलें, त्याच गृहस्थांनीं पुढें आपल्या मुलांच्या हातांतला वेताळ 'डोकें बिघडविणारें वाङ्मय' म्हणून हिसकावून घेतला! वेताळ इंग्रजी वाचणाऱ्यांच्या घरीं 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवरून आधींच येऊन गेला होता. परंतु मार्च १९६४ मध्यें मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनीं 'इंद्रजाल कॉमिक्स' काढावयास आरंभ केला, आणि त्याचें खरें राज्य तेव्हांपासून सुरू झालें. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचेच होते. जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी मागाहून आली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली अशा देशी भाषांतही हीं पुस्तकें निघालीं. सुट्टींत एक पुस्तक आलें, कीं तें वाड्यांतल्या बारा घरांतून फिरून परत येई, तेव्हां त्याचें मुखपृष्ठ नाहींसें झालेलें असे आणि शेवटच्या पानावर कोणाचा तरी गृहपाठ उमटलेला असे.

संपादकांनीं एक चतुराई केली होती. मूळ कथेंत वेताळाच्या देशाचें नांव 'बंगाली' ह्याच्या इतकें जवळचें होतें, कीं हिंदी वाचकाला आपल्याच देशाची आठवण व्हावी. आणि त्याच्या वैऱ्यांचें, त्या समुद्रावरल्या चांच्यांचें, कुळ तर चक्क 'सिंग' होतें. इंद्रजालच्या अंकांत देशाचें नांव 'डेंकाली' झालें आणि चांचे 'सिंगा' झाले. एका अक्षरानें आमची अब्रू वांचली! त्या वयांत आम्हांला ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. पण प्रौढपणीं हें कळल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. फॉकवर किप्लिंगच्या अरण्यकथांची छाप होती. त्याच्या कल्पनेंतलें तें अरण्य फार दूरचें नव्हतें, तें आमच्याच अंगणाच्या पलीकडचें होतें. त्यांत राहणारे बुटके, विषारी बाण मारणारे बांडार लोक, आणि त्यांच्यावर मायेनें राज्य करणारा गोरा पुरुष, हें चित्र काढणाऱ्यानें आम्हांला कोणत्या बाजूला बसविलें होतें? आम्ही शहरांतलीं मुलें मात्र खुशाल वेताळाच्या घोड्यावर त्याच्या मागें बसलों होतों.

हा विचार आम्हांला पुस्तकांनीं शिकविला नाहीं. तो आम्हांला मोलगीनें शिकविला. १९७८ च्या सुमारास आम्ही शिक्षकाच्या नोकरीनिमित्त त्या बाजूस गेलों. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेलें, कीं सातपुड्याच्या कुशींत मोलगी लागतें. तेव्हां नंदुरबार जिल्हा झाला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजीं झाला. त्या काळीं हा सारा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडत असे, आणि धुळ्याच्या कचेरींत मोलगीचें नांव काढलें, कीं लोक आमच्याकडे सहानुभूतीनें पाहत. बाजाराच्या दिवशीं डोंगरांतल्या पाड्यांवरून भिल्ल बायामाणसें आमचूर, भगर, मोहाचीं फुलें घेऊन उतरत आणि मीठ, तेल, कापड घेऊन चढत. शाळेला वाचनालय नव्हतें. आम्ही नंदुरबारच्या स्थानकावरून जातां येतां वेताळाचीं पुस्तकें विकत घेत असूं. तींच ट्रंकेंतून बाहेर निघालीं आणि शाळेचें वाचनालय झालें.

मुलें भिलोरी बोलत, मराठी वाचत, आणि चित्रें मात्र आपल्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत. ह्या तिसऱ्या गोष्टीची आम्हांला कल्पना नव्हती. पहिल्याच आठवड्यांत वेताळाची एकामागून एक उलटतपासणी सुरू झाली. बांडारांच्या हातांतलीं धनुष्यें पाहून एकानें स्पष्ट मत दिलें, कीं चित्र काढणारा कधीं शिकारीला गेलेला नाहीं. त्यांच्या धनुष्याची दोरीही बांबूच्या कामटीची असते, आणि बाण सोडण्याची त्यांची ढबच निराळी; तो मुलगा बांकावरून उठला आणि त्यानें तीं दोन बोटांनीं करून दाखविली. दुसरा म्हणाला, "गुरुजी, ह्या जांभळ्या कपड्यांत हा रानांत लपतो कसा? सागाच्या रानांत तर कोसावरून दिसेल. हरिणही ह्याला पाहून हंसेल." (आदरार्थी बहुवचन त्यांच्या बोलण्यांत नव्हतें, आम्हांलाही ते 'तूं'च म्हणत, आणि त्या 'तूं'मध्यें जो जिव्हाळा होता तो आम्हांला पुढें कोणाच्याही 'आपण'मध्यें आढळला नाहीं.) पोशाखाचा हा दोष अमेरिकेंतल्या लाखों वाचकांना दिसला असेल कीं नसेल, कोण जाणे; मोलगीच्या पांचवीच्या वर्गाला तो पहिल्या पानावर दिसला.

पण खरा प्रश्न पुढेंच होता. एका दुपारीं वेताळाच्या वंशाची कथा वाचून झाल्यावर मागच्या रांगेंतला एक अबोल मुलगा म्हणाला, "गुरुजी, तूं सांग. वेताळ मेला, कीं त्याचा पोरगा वेताळ होतो. बांडारांचा पोरगा कधींच वेताळ होत नाहीं का?"

आम्हीं सांगितलें, कीं नाहीं. त्यांच्या घराण्याची तशी शपथ आहे.

"शपथ तर आम्हीही घेतों," तो म्हणाला, आणि पुस्तक मिटून शेजाऱ्याला दिलें.

त्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हांला त्या वर्षींच्या होळीला कळला. मोलगीपासून जवळच काठी हें गांव आहे; तें एके काळीं भिल्लांचें लहानसें संस्थान होतें, आणि तेथली राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यांत प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या पाड्यांवरून हजारों माणसें रात्रीं जमतात, उंच बांबू हातांनीं उभा करतात, रात्रभर ढोल वाजतो, आणि होळी पेटते ती पहांटे. त्या गर्दींत आम्हांला वेषधारी दिसले. उघड्या अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोंपळे आणि घुंगुर, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. ह्यांना बुध्या म्हणतात, बावा म्हणतात. हा वेष हौसेनें चढवीत नाहींत. तो घेणाऱ्यानें नवस बोललेला असतो, आणि त्यासाठीं कांहीं दिवस जमिनीवर निजणें, अनवाणी चालणें, संसारापासून दूर राहणें असे नियम कडकपणें पाळावे लागतात. आपल्या घराचें, गुरांचें, पाड्याचें भलें व्हावें म्हणून तो हें सारें सोसतो. होळी झाली, व्रत सुटलें, कीं वेष उतरतो, आणि काल ज्याच्याकडे पाहतांना आपण दबकलों, तोच माणूस दुसऱ्या बाजारीं आमचुराची टोपली घेऊन बसलेला दिसतो.

वेताळाचा पोशाख एका घराण्याचा आहे. काठीचा वेष ज्याचा नवस त्याचा आहे. पहिल्यांत रक्षण करणारा एक आणि बाकी सारे रक्षिले जाणारे. दुसऱ्यांत प्रत्येकाची पाळी येऊं शकते. पहिल्याला आपलें तोंड कोणाला दिसूं न देण्याची चिंता. दुसऱ्याला सारा गांव ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच त्याच्या व्रतावर त्याची नजर असते. त्या अबोल मुलाला हें सारें ठाऊक होतें. म्हणून त्याला वेताळाची कथा अर्धवट वाटली असावी.

वेताळाच्या निंदकांच्या पंक्तीला मात्र आम्ही बसणार नाहीं. त्याला गोऱ्या साहेबाचा हस्तक म्हणून निकालांत काढणें सोपें आहे. पण वाचणारे लोक लिहिणाऱ्याच्या वरचढ असतात, हें विसरूं नये. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखांत वाह्गी नदीच्या खोऱ्यांत जे लोक राहतात, त्यांनीं आपल्या लढाईच्या ढालींवर हाच वीर रंगविला. त्या बेटावर हीं चित्रकथांचीं पुस्तकें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं परक्या सैनिकांबरोबर आलीं असें सांगतात. ज्याला मरण नाहीं असा पुरुष ढालीवर असला, तर ढालीमागच्या माणसाला बाण कसा लागेल? त्या ढाली आतां जगांतल्या संग्रहालयांतून मांडलेल्या आहेत. त्या लोकांनीं वेताळाची वाट पाहिली नाहीं. त्याला उचलून आपल्या हातांत धरलें. मोलगीच्या वर्गांतही तेंच झालें. वर्ष संपतां संपतां मुलांनीं वेताळाचा एक खेळ बसविला, त्यांत कवटीची आंगठी मोहाच्या बियांची केली, आणि वेताळाचें काम आळीपाळीनें सर्वांनीं केलें. बांडार व्हावयाला मात्र कोणी तयार होईना, तेव्हां तें काम आमच्या वांट्याला आलें.

आतां अस्ताची हकीकत. ती थोडक्यांत सांगणें बरें. १९७६ सालीं इंद्रजालनेंच आबिद सुरती ह्यांचा 'बहादूर' आणला. तो देशी, मुखवटा न घालणारा, आणि एका डाकूचा मुलगा असून डाकूंशीं लढणारा. वेताळाच्या अमरत्वाला पहिला धक्का बसला तो असा घरांतूनच. १९७७ सालीं फॉकनें वेताळाचें लग्न लावून दिलें; चाळीस वर्षें ताटकळलेल्या डायनाची दया आम्हांलाही येत असे, पण संसारी वीराचा दरारा कमी होतो हें खरें. पुढें घरोघरीं दूरदर्शन आलें. १९८७ पासून रविवारच्या सकाळीं रामायण आणि मग महाभारत दिसूं लागलें, आणि खऱ्या धनुर्धरांपुढें जांभळ्या वीराचा निभाव लागेना. १९९० सालीं इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलें. ८०० च्या वर अंक निघाले होते. १९९६ सालीं वेताळावर हॉलीवुडनें चित्रपट काढला, तो पडला. १९९९ सालीं फॉक वारला. आज ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत असे गृहस्थ ते जुने अंक भरमसाट किंमत देऊन विकत घेतात, आणि पारदर्शक पिशवींत घालून कपाटांत ठेवतात. वेताळाची गुहा शेवटीं तीच झाली.

ह्याच वर्षांत मोलगीच्या उत्तरेला, नर्मदेच्या कांठीं, निराळी कथा घडत होती. सरदार सरोवराच्या धरणाचें पाणी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गांवांवर चढणार होतें, आणि त्यांतलें पहिलें गांव मणिबेली. १९९१ च्या पावसाळ्यांत तेथें सत्याग्रह सुरू झाला. १९९३ सालीं तेथलीं घरें पाण्याखालीं गेलीं. नदी वाढत असतां लोक आपल्या घरांत पाण्यांत उभे राहिले. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं दोघे त्यांत होते. त्यांतला एक पुढें भेटला, तेव्हां पुनर्वसनाच्या जमिनीविषयीं, तिथल्या खारट विहिरीविषयीं आणि हरवलेल्या सागवानाविषयीं बोलत राहिला. धरण असावें कीं नसावें, ह्या वादांत शहाणीं माणसें दोन्ही बाजूंना आहेत, आणि तो वाद येथें आम्हांला घालावयाचा नाहीं. पण त्या पाण्यांत पांढऱ्या घोड्यावरून कोणीही आला नाहीं, आणि कोणी येईल अशी वाट पाहत तीं माणसें उभीं नव्हतीं, एवढें आम्हांला माहीत आहे. तीं उघड्या तोंडानें उभीं होतीं. सरकारी यादींत प्रत्येकाचें नांव होतें.

मग वेताळ फुकट गेला काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. दुबळ्यावर हात टाकणाऱ्याला कोठेंतरी जाब द्यावा लागतो, ही समजूत दहा वर्षांच्या मुलाच्या मनांत रुजविणें हें लहानसहान काम नव्हे. व्यवहार ती समजूत पुढें कितीही खोटी पाडो, एकदां रुजलेली ती पुरती मरत नाहीं. मात्र बालपणीं जो दिलासा शोभतो, तो मोठेपणीं आळस होतो. कोणीतरी जागा आहे, ह्या विश्वासावर मुलांनीं झोंपावें. मोठ्यांनीं झोंपूं नये.

आरवलीच्या देवळांत वहाणा ठेवणारा भक्त हें आमच्याहून अधिक चांगलें जाणतो. तो देवाकडे रक्षण मागतो खरा, पण रिकाम्या हातानें मागत नाहीं. देवाच्या वहाणा झिजतात, त्या कोणीतरी करावयाच्या असतात, चामडें कमवावें लागतें, दोरा ओंवावा लागतो, आणि तें काम गांवाचें आहे हें त्यानें ओळखलेलें असतें. आम्हीं वेताळाचे अंक वाचले, त्याच्या घोड्यावर बसून जग फिरलों, पण त्याच्या पायांकडे कोणींच पाहिलें नाहीं. चारशें वर्षें चालून तो दमला असला, तर त्याला दोष कसा द्यावा?